टँगलवूडचा बेत: तिकिटापासून परतीच्या पार्किंगपर्यंत, क्रमाने

मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम टोकाला, बर्कशरच्या टेकड्यांत, लेनॉक्स आणि स्टॉकब्रिज या दोन गावांच्या सीमेवर टँगलवूड आहे. खाली स्टॉकब्रिज बोल नावाचे तळे, वर मोठी हिरवळ, आणि तिच्या कडेला पाश्चात्त्य अभिजात संगीत वाजवणाऱ्या बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राचा उन्हाळी मुक्काम. बॉस्टन, कनेक्टिकट, न्यू जर्सीकडची मराठी मंडळी, विशेषतः भारतातून आई-बाबा आलेले असले की, एकदा तरी इथला बेत आखतात. तो बहुतेक वेळा एकाच कारणाने फिसकटतो. आधी सगळ्यांना जमणारा रविवार ठरतो, मग गाडीत कोण बसणार ते ठरते, मग तिकीट निघते, आणि त्या दिवशी वाजणार काय हे गेटवर पुस्तिका हातात पडल्यावर कळते. क्रम नेमका उलटा हवा.

१. आधी कार्यक्रम, मग तारीख

हंगाम साधारण जूनअखेरीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालतो आणि कार्यक्रम हिवाळ्यातच जाहीर होतो. मुख्य ऑर्केस्ट्राचे आठवडे जुलै-ऑगस्टमधले. त्यांचा साचा बहुधा असा: शुक्रवारी रात्री ८, शनिवारी रात्री ८, रविवारी दुपारी २:३०. तिन्ही दिवशी संगीत वेगळे. शनिवारी सकाळी १०:३० ला खुली तालीम असते, ती बहुतेकदा रविवारच्या कार्यक्रमाची.

पहिली चूक इथेच होते. हंगामाच्या दोन्ही टोकांना पॉप आणि लोकप्रिय गायकांचे कार्यक्रम असतात, मधूनच पडद्यावर चित्रपट आणि खाली ऑर्केस्ट्रा असाही प्रयोग असतो. 'टँगलवूडचे तिकीट' एवढेच डोक्यात ठेवून काढले की बेथोवन ऐकायला गेलेले लोक गिटारवाल्यासमोर बसतात. यादीत 'बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्रा' हे शब्द आहेत का ते पाहा. 'बॉस्टन पॉप्स' लिहिले असेल तर तो हलका, मनोरंजनाकडे झुकणारा कार्यक्रम आहे. वाईट नव्हे, वेगळा.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी पूर्वार्धात एखादा कॉन्चेर्टो (एक वादक पुढे, मागे ऑर्केस्ट्रा) आणि उत्तरार्धात एखादी प्रसिद्ध सिंफनी (पूर्ण ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली मोठी रचना) अशी संध्याकाळ निवडावी. फार हळुवार, नाजूक रचनांची रात्र हिरवळीवरून ऐकू नये. मागच्या लहान मुलाच्या चिप्सच्या पिशवीपुढे ती टिकत नाही.

दोन दिवसांना गर्दी हमखास. ऑर्केस्ट्राचा हंगाम परंपरेने बेथोवनच्या नवव्या सिंफनीने संपतो, त्या दिवशी. आणि 'टँगलवूड ऑन परेड'ला, जो दुपारपासून रात्रीपर्यंत चालतो आणि ज्याच्या शेवटी चायकोव्स्कीच्या '१८१२' या रचनेत खऱ्या तोफा उडतात, मग फटाके. तान्हे बाळ किंवा मोठ्या आवाजाने दचकणारे आजोबा बरोबर असतील तर हा दिवस टाळाच.

२. बसायचे कुठे ते ठरवा

तीन पर्याय आहेत, आणि पुढची सगळी तयारी यावर ठरते.

*शेड.* कूसेव्हिट्स्की म्यूझिक शेड म्हणजे वर छप्पर आणि बाजूंनी उघडे असे पाच हजारांच्या आसपास खुर्च्यांचे सभागृह. पावसाची चिंता नाही, वादक दिसतात, वाद्यांचा आवाज थेट येतो. आत खांब आहेत. जागा निवडताना 'दृश्याला अडथळा' अशी नोंद आहे का ते पाहा.

*लॉन.* शेडभोवतीची हिरवळ. जागा क्रमांक नाही, तिकीट स्वस्त, आवाज लाउडस्पीकरमधून येतो. मागून वादक दिसत नाहीत. इथे तुम्ही ऑर्केस्ट्रा पाहायला नाही, उघड्या आभाळाखाली ऐकायला आलेले असता, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर अर्ध्या तासात 'स्टेज कुठे आहे?' सुरू होते.

*सेजी ओझावा हॉल.* सुमारे बाराशे जागा, मुख्यतः चेंबर संगीत (मोजक्या वादकांचे), पियानो, गायन. मागची भिंत दारासारखी उघडते आणि तिच्यामागेही छोटी हिरवळ आहे. टँगलवूड म्यूझिक सेंटर या इथल्या उन्हाळी प्रशिक्षण संस्थेच्या तरुण वादकांचे कार्यक्रम बहुधा इथे होतात. तिकीट कमी, वादन चोख. ज्यांना खरोखर ऐकायचे आहे त्यांनी मोठ्या नावांच्या मागे न लागता आधी हेच पाहावेत.

शेडच्या अगदी मागच्या रांगा की लॉन, असा प्रश्न नेहमी येतो. आठवड्याचा अंदाज कोरडा असेल तर लॉन. ढग असतील किंवा सत्तरीपुढची माणसे बरोबर असतील तर शेड. मिश्र बेतही उत्तम जमतो: आई-बाबांना शेडमध्ये दोन खुर्च्या, बाकीचे हिरवळीवर. फक्त मध्यंतरात भेटायची जागा दिवसाउजेडी दाखवून ठेवा.

> पैसे भरण्यापूर्वी तपासा
> – पाच वर्षांखालील मुलांना कार्यक्रमादरम्यान शेडमध्ये आणि ओझावा हॉलमध्ये प्रवेश नसतो. चार वर्षांचे मूल असेल तर त्याच्याबरोबर एक मोठे माणूस लॉनवरच.
> – लहान मुलांना ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमांना लॉनवर मोफत प्रवेश मिळतो, पण त्यांचेही तिकीट काढावे लागते. वयाची आणि संख्येची मर्यादा त्या वर्षीच्या नियमांत पाहा.
> – कार्यक्रम पावसातही होतो. लॉनच्या तिकिटाचे पैसे परत नाहीत आणि पाऊस आला म्हणून शेडमध्ये जागा मिळत नाही.
> – तिकीट बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढा. शोध घेतल्यावर सर्वांत वर येणारी दुवे पुष्कळदा पुनर्विक्रीची असतात, आणि तिथे तेच लॉन तिकीट चढ्या भावाने विकले जाते.

३. मुक्काम

जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी लेनॉक्समधली बरीच हॉटेले किमान दोन किंवा तीन रात्रींची अट घालतात. एकच रात्र हवी असेल तर पिट्सफील्ड किंवा ली पाहा, आणि तेही भरले असेल तर साधारण तासाभरावर असलेले ऑल्बनी किंवा स्प्रिंगफील्ड. रविवारची दुपार निवडली तर मुक्कामाचा प्रश्नच उरत नाही.

तळ्याबद्दल एक गैरसमज. तळे दिसते, पण मैदानातून उतरून त्यात पाय बुडवू असा बेत करू नका. पोहायचेच असेल तर पिट्सफील्डमध्ये ओनोटा तळ्याकाठी बरबँक पार्क आहे, तिथे सकाळ घालवून दुपारी इकडे या.

४. सामान: काय न्यायचे, काय नाही

टेकड्यांवरची रात्र गार असते. जुलैमध्ये दुपारी २७ अंश सेल्सिअस असले तरी रात्री १० ला १५ च्या आसपास उतरते, आणि दव पडते. नुसती सतरंजी अंथरली की मध्यंतरापर्यंत ती खालून ओली झालेली असते, आणि हे लक्षात येते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून चार जणांसाठी:

– खाली साधारण ६ फूट बाय ८ फूट ताडपत्री किंवा प्लास्टिकचे कापड, त्यावर सतरंजी किंवा चादर
– कमी उंचीच्या दोन घडीच्या खुर्च्या, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी (मैदानावर भाड्यानेही मिळतात)
– प्रत्येकी एक स्वेटर किंवा शाल, एक पातळ रेनकोट. छत्री नको: मागच्यांचे सगळे झाकते
– पायमोजे आणि बंद बूट. चपला दवात निसरड्या होतात
– छोटी बॅटरी, डासांचे मलम, कचऱ्याच्या दोन पिशव्या
– तिकिटे फोनमध्ये उतरवून किंवा छापून. मैदानाजवळ मोबाइलचे नेटवर्क भरवशाचे नसते

तंबू आणि मंडप न्यायचे नाहीत, शेगडी पेटवायची नाही. म्हणजे 'तिथेच गरम करू' हा विचार सोडा.

आता खाण्याचे. लॉनवर घरचे अन्न आणि पेये चालतात. लोक मेणबत्त्या आणि काचेचे पेले मांडून जेवतात, त्यामुळे आपल्या डब्यांकडे कोणी पाहत नाही. शेडमध्ये आणि हॉलमध्ये मात्र खायचे नाही. गारच चांगले लागेल असे काही करा: तिखटामिठाच्या पुऱ्या, थालीपीठ, दशम्या, सुकी बटाट्याची भाजी, बर्फाच्या पेटीत दहीभात. बटाटेवडे इतक्या वेळात मऊ पडतात. भेळ न्यायची तर सगळे वेगवेगळे न्या आणि कार्यक्रमाच्या आधीच कालवून संपवा.

> सावधान: स्टीलचे डबे. झाकण झाकणावर आपटल्याचा आवाज शांत मूव्हमेंटमध्ये (रचनेच्या भागात) दहा चादरींपलीकडे जातो. प्लास्टिकचे किंवा सिलिकॉनचे डबे न्या. वेफर आणि चिवड्याच्या चुरचुरणाऱ्या पिशव्या घरीच उघडून डब्यात ओता.

चहाचे दोन थर्मास भरा: एक मध्यंतरासाठी, दुसरा परतीसाठी. मध्यंतर साधारण वीस मिनिटांचे, आणि कॉफीच्या रांगेत त्यातली पंधरा जातात.

५. प्रवास

बॉस्टनहून अंतर सुमारे १३० मैल. मोकळ्या रस्त्याने सव्वादोन-अडीच तास, शुक्रवारी दुपारी त्याहून बरेच जास्त. स्टरब्रिजला आय-८४ चा फाटा येतो तिथे गाड्या तुंबतात. रात्री ८ च्या कार्यक्रमाला शुक्रवारी दुपारी २ च्या सुमारास निघा. ५ ला निघणारे पहिली रचना पार्किंगमधून ऐकतात.

मॅस पाइक या टोलरस्त्यावर (आय-९०) एक्झिट १०, ली, इथे उतरायचे. पूर्वी याचाच क्रमांक २ होता. जुन्या सूचनांवर जाऊ नका. वेस्टफील्डनंतर ली येईपर्यंत जवळपास ३० मैल एकही एक्झिट नाही. मध्ये ब्लॅनफर्डचा सर्व्हिस प्लाझा आहे, पेट्रोल आणि स्वच्छतागृह तिथेच उरका. टोलनाक्यावर रोख घेत नाहीत. ई-झेडपास (टोल आपोआप भरणारे उपकरण) नसेल तर नंबरप्लेटवरून बिल घरी येते.

लीहून रूट २० ने लेनॉक्सकडे, मग रूट १८३. शेवटच्या मैलभरात फोनचा नकाशा बाजूला ठेवा आणि रस्त्यावर उभी असलेली माणसे हात दाखवतील तिकडे वळा. मैदानाचे गेट अनेक आहेत, आणि नकाशा पुष्कळदा ज्या गेटवर नेतो तिकडचे पार्किंग भरलेले असते.

न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडून टॅकॉनिक पार्कवे सोयीचा, सुमारे तीन तास. त्यावर व्यापारी वाहने चालत नाहीत, तेव्हा मंडळाची मोठी भाड्याची बस आणणार असाल तर दुसरा मार्ग धरा. रस्ता अरुंद, वळणांचा, रात्री अंधारा, आणि हरणे आडवी येतात.

रेल्वेने पिट्सफील्डपर्यंत येता येते, पण पुढे गाडी लागतेच. रात्री १० नंतर ॲपवरची टॅक्सी मिळेल हे गृहीत धरू नका. परतीची गाडी आधी ठरवा, नाहीतर रेल्वेचा बेत सोडा.

> गाडी लावल्यावर: रांगेचा फलक आणि जवळची खूण यांचा फोटो काढा. अंधारात हे कुरण सगळीकडून सारखेच दिसते. चालायला त्रास असणाऱ्यांसाठी मदतीची सोय असते, पण ती आठवडाभर आधी फोन करून विचारून ठेवा. त्या दिवशी गेटवर हुज्जत घालू नका.

६. हिरवळीवर मांडामांड

रात्रीच्या कार्यक्रमाला गेट साधारण अडीच तास आधी उघडते. पुढचा क्रम पाळा.

पहिल्यांदा एक माणूस फक्त ताडपत्री घेऊन पुढे जाईल. बाकीचे सामान मागून. पूर्ण कुटुंब डबे, खुर्च्या, मुले सांभाळत एकत्र चालले की चांगली जागा हमखास जाते.

जागा निवडताना शेडच्या कडेला फार चिकटू नका. तिथून आतले थोडे दिसते, पण समोर सतत येणारे-जाणारे पायही दिसतात. पायवाटांच्या आणि स्वच्छतागृहांच्या वाटेवर तर नकोच. मोठ्या झाडाखाली दुपारच्या कार्यक्रमाला सावली मिळते; पाऊस पडून गेला असेल तर तेच झाड तासभर ठिबकत राहते. उत्तम जागा म्हणजे शेडसमोर मध्यभागी, थोडे मागे, जिथे दोन्ही बाजूंचे लाउडस्पीकर सारखे ऐकू येतात. उंच खुर्च्या असतील तर मागे किंवा कडेला बसा, आपल्यामागे जमिनीवर बसलेली माणसे असतात.

चादर अंथरून झाली की शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी ६ च्या सुमारास ओझावा हॉलमध्ये होणाऱ्या छोट्या 'प्रिल्यूड' मैफलीला जा. रात्रीचे तिकीट असणाऱ्यांना तो प्रवेश असतो, आणि बहुतेक लोक जेवत बसून तो घालवतात. तिथून परत आल्यावर, पावणेसात ते साडेसात, जेवण. पावणेआठला डबे बंद, कचरा पिशवीत, मुले स्वच्छतागृहात जाऊन आलेली, फोन बंद, स्वेटर हाताशी.

> एक तपासणी: पहिला सूर लागल्यावर कोणाला उठावे लागेल अशी एकही गोष्ट उरली आहे का? पाणी, औषध, मुलाचे खेळणे, चष्मा. असेल तर आत्ताच.

७. ऐकताना

सवाई गंधर्वच्या मांडवात वाढलेल्या कानांना इथे एक गोष्ट जड जाते: दाद शेवटी द्यायची. सिंफनी साधारणपणे चार भागांची, कॉन्चेर्टो बहुधा तीन. दोन भागांच्या मधली शांतता म्हणजे समाप्ती नव्हे. पुस्तिकेत भाग किती ते आधी पाहून घ्या. तरी खात्री नसेल तर कंडक्टरने हात खाली सोडून श्रोत्यांकडे वळेपर्यंत थांबा. एखाद्या जोरकस भागानंतर मधेच टाळ्या पडल्या तर कोणी रागावत नाही, पण पहिली टाळी आपली नको. 'वा', 'क्या बात है' हे मध्यंतरापर्यंत राखून ठेवा.

उशीर झाला तर शेडमध्ये रचनांमधल्या विरामापर्यंत थांबवतात. ध्वनिमुद्रण आणि चित्रण करायचे नाही. हिरवळीवर मूल कुरकुरायला लागले तर लगेच उचलून मागच्या मोकळ्या भागात जा. 'गप्प बसेल आता' म्हणून वाट पाहिल्यावर ते कधीच गप्प बसत नाही.

८. आभाळ भरून आले तर

साधा पाऊस असेल तर रेनकोट घाला, ताडपत्रीची एक बाजू सामानावर दुमडा आणि ऐकत राहा. विजा चमकू लागल्या तर गोष्ट वेगळी: झाडाखाली थांबू नका, कर्मचारी सांगतील तिथे आसरा घ्या, काही न सुचल्यास गाडीत जाऊन बसा. सामान राहू दे. दुपारीच रडारचे चित्र पाहून ठेवले तर निर्णय सोपा होतो, कारण तिथे पोहोचल्यावर नेटवर्क मिळेल न मिळेल.

९. निघताना घाई नको

रात्रीचा कार्यक्रम साधारण १० ते १०:१५ ला संपतो आणि त्याच क्षणी हजारो माणसे पार्किंगकडे धावतात. शेवटच्या टाळ्या सोडून पळालेलेसुद्धा बरेचदा त्याच रांगेत अडकतात. दुसरा थर्मास आता उघडा. अर्धा-पाऊण तास हिरवळीवर बसा, बॅटरी लावून सावकाश आवरा, कचरा उचला, चादरीखाली कोणाचा चष्मा राहिला नाही ना ते पाहा. ११ ला रस्ता मोकळा असतो.

चालवणारा बदलायचा असेल तर ली येण्यापूर्वी बदला. त्यानंतर पुन्हा तीच ३० मैलांची एक्झिट नसलेली पट्टी. बॉस्टनला पोहोचायला दीड वाजतो. झोप अनावर होत असेल तर ब्लॅनफर्डच्या प्लाझावर थांबा, रस्त्याच्या कडेला नाही.

घरी पोहोचल्यावर एक काम राहते, आणि नेमके तेच लोक सोडतात. बर्कशरच्या गवतात लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिडी असतात. झोपण्यापूर्वी अंघोळ करा आणि गुडघ्यांमागे, काखेत, कमरेवर, कानांमागे, केसांच्या कडेला पाहा. मुलांचे तुम्ही पाहा, आई-बाबांचेही. गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने त्वचेजवळ धरून सरळ वर ओढा. तेल, काडी, नेलपॉलिश काही नको. संसर्ग व्हायला ती बहुधा चोवीस तासांहून अधिक काळ चिकटून राहावी लागते, म्हणून त्याच रात्री पाहायचे. पुढच्या महिनाभरात लाल वर्तुळाकार चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरांना गवतात बसल्याची तारीख सांगा; आई-बाबा तोवर भारतात परतले असतील तर तिथल्या डॉक्टरांनाही, कारण हा आजार त्यांना चटकन सुचणार नाही. अंगावरचे कपडे धुण्याआधी ड्रायरमध्ये पूर्ण उष्णतेवर दहा मिनिटे फिरवा. नुसत्या गार पाण्याच्या धुण्याने गोचीड मरत नाही.